भाग ४१ : आईला ‘तू बस’ म्हणणं मी का थांबवलं

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलण्यातले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ शक्य तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, उत्तम. गाडी चालवत असाल तर मध्ये श्वासाचा एक प्रयोग येणार आहे, तो मात्र घरी जाऊन करा.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार हा जागतिक सीओपीडी दिवस असतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला हा दिवसही माहीत नव्हता आणि ही चार अक्षरंही. मग एका दुपारी आईच्या रिपोर्टवर ती छापून आली. क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार.

आई तेव्हा ५६ वर्षांची. आयुष्यात बिडी-सिगारेट सोडाच, तिने मिश्रीसुद्धा लावलेली नाही. वर्षभर तिला दम लागत होता. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आधी ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची, मग पहिल्यावर थांबायला लागली. आम्ही म्हणायचो, वजन वाढलंय, वय झालंय. सकाळचा खोकला? तो तर तिच्या माहेरी सगळ्याच बायकांना आहे. हे वाक्य मी स्वतः डॉक्टरांसमोर बोलले आणि बोलता बोलताच मला कळलं की आपण काय बोलतोय.

आईचं माहेर बीड जिल्ह्यातलं. दहाव्या वर्षापासून चुलीपुढे. तुराट्या, पळाट्या, गोवऱ्या, जे मिळेल ते जळण. खोलीला खिडकी म्हणजे एक झरोका. लग्नानंतरही दहा-बारा वर्षं चूलच. आम्ही पुण्यात आलो तेव्हा गॅस आला. म्हणजे साधारण पंचवीस वर्षं ती रोज काही तास धुरात बसून फुंकणीने जाळ करत होती, आणि आपण समजतो की फुप्फुसाचा आजार म्हणजे सिगारेटवाल्यांचा.

हा गैरसमज फक्त आमच्या घरातला नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक लेख लिहिला होता. त्यात त्यांनी मांडलं की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ आणि वाफा, पूर्वी होऊन गेलेला टीबी, लहानपणी वारंवार झालेले छातीचे आजार, ही त्यामागची मोठी कारणं. तंबाखू आहेच, ती कुठे जात नाही. पण ‘आमच्यात कोणी ओढत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका.

तर, रिपोर्ट. त्यावर लिहिलं होतं, एफईव्ही-१ : ५४ टक्के. डॉक्टरांकडे बाहेर तीस पेशंट बसलेले. त्यांनी पाच मिनिटांत जे सांगायचं ते सांगितलं, चिठ्ठी दिली. मी आईला रिक्षात बसवलं, औषधं आणायला मागे वळले आणि मेडिकलसमोर उभी राहून फोन काढला. तुम्ही काय केलं असतं तेच मी केलं. गुगलवर टाकलं, हा आजार झाल्यावर माणूस किती वर्षं जगतो. आणि पहिल्या पानावर जे दिसलं ते वाचून तिथेच रडले.

मला वाटलं होतं, आईचं ५४ टक्केच फुप्फुस उरलंय. तसं नसतं. हा आकडा कुठून येतो ते सांगते, कारण तुमच्या घरात कुणाचा असा रिपोर्ट आला तर निदान मेडिकलसमोर रडू नका.

स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. नाकाला चिमटा, तोंडात नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोरात सोडायचा. समोरचा टेक्निशियन ओरडत असतो, ‘फुंका, फुंका, अजून, अजून!’ (आई नंतर म्हणाली, ‘आयुष्यभर फुंकलंच की, आता ह्याच्यासाठी बी फुंका.’) पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली, तो एफईव्ही-१. एकूण किती पडली, तो एफव्हीसी. नळ्या मोकळ्या असतील तर बहुतेक हवा पहिल्या सेकंदातच बाहेर येते. नळ्या मोकळ्या करणारं औषध हुंगवूनसुद्धा पहिल्याला दुसऱ्याने भागल्यावर उत्तर ०.७० च्या खाली येत असेल, तर वाट अरुंद झाली आहे असं धरतात. मग लक्षणं आणि धुराचा-तंबाखूचा इतिहास जोडून डॉक्टर निदान करतात. दमा आणि सीओपीडी वेगळे ओळखायलाही या औषधानंतरच्या फुंकण्याचा उपयोग होतो. दम्यात नळ्या बऱ्याचदा पुष्कळ मोकळ्या होतात, इथे होत नाहीत.

आणि ते ५४ टक्के म्हणजे तेवढ्याच वयाच्या, उंचीच्या बाईने पहिल्या सेकंदात जेवढी हवा सोडायला हवी, त्याच्या ५४ टक्के आई सोडू शकली. बस, एवढंच. ५० ते ७९ या गटाला मध्यम म्हणतात. त्या आकड्यावरून आयुष्याची वर्षं मोजता येत नाहीत. शिवाय तोच आकडा असलेली दोन माणसं बघा, एक रोज भाजी आणायला चालत जातो आणि दुसऱ्याला अंथरुणातून उठवत नाही. हा फरक कशाने पडतो, ते आजच्या भागाचं खरं काम आहे.

आता तो प्रयोग. ज्यांना श्वासाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी करू नका, नुसतं ऐका. बाकीच्यांनी, बसूनच हं, छाती भरून श्वास घ्या. आता सगळा सोडायचा नाही, चमचाभरच सोडा. त्याच्यावर पुन्हा श्वास घ्या. पुन्हा चमचाभर सोडा. पुन्हा घ्या. तीन-चार वेळा झालं? आता आत जागाच नाही, बरोबर? छाती ताठ, मान आणि खांदे वर ओढलेले, आणि गंमत म्हणजे भावना काय होतेय, तर ‘मला हवा मिळत नाहीये’. छाती हवेने भरलेली असताना!

सोडा आता, नॉर्मल व्हा.

सीओपीडीत हेच होतं. आपण समजतो हवा आत जात नाही. खरी अडचण असते ती बाहेर न येण्याची. नळ्या सुजलेल्या, आत कफ, आणि फुप्फुसातल्या बारीक पिशव्यांच्या भिंती फाटून सैल पडलेल्या. जुन्या फुग्याचं रबर सैल होतं ना, तसं. आत गेलेली हवा पूर्ण निघायच्या आधीच पुढचा श्वास येतो आणि हवा साठत जाते. माणूस घाबरला की श्वास भरभर घेतो, भरभर घेतला की हवा अजून साठते, साठली की अजून घाबरतो. आई म्हणायची, ‘छातीवर कुणीतरी बसलंय.’

ज्या पिशव्या फाटल्या त्या परत शिवता येत नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही. पण दम लागतो तो काही सगळा फाटलेल्या पिशव्यांमुळेच नसतो. काही चुकीच्या औषध घेण्यामुळे असतो, काही भीतीमुळे, आणि बराचसा पायांमुळे. हो, पायांमुळे. येते त्याच्याकडे.

आधी औषध, कारण तिथे आमच्या घरात जे झालं ते सांगायला लाज वाटते.

चिठ्ठीवर दोन औषधं होती. मी मेडिकलमधून आणली, आईच्या हातात पिशवी दिली, ‘सकाळ-संध्याकाळ एक’ असं सांगितलं आणि लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले. नऊ दिवसांनी आई म्हणाली, ‘काही फरक नाही गं ह्या गोळ्यांनी.’ मी म्हटलं, गोळ्या? तिने दाखवलं. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होती. ज्या कॅप्सूलमधली पावडर यंत्रात टाकून श्वासातून ओढायची, ती नऊ दिवस पोटात जात होती. यंत्र पिशवीतच, वेष्टनासकट. दवाखान्यात कुणी करून दाखवलं नव्हतं, मेडिकलवाल्याने सांगितलं नव्हतं, आणि घरात दिवसाचे आठ तास स्क्रीनसमोर बसणाऱ्या मुलीने विचारलं नव्हतं. ही गडबड किती घरांत होते ते नंतर फिजिओथेरपिस्टकडून कळलं. ती हसली पण नाही. म्हणाली, ‘रोजचं आहे.’

यंत्र बाहेर निघालं तेव्हा दुसरी भानगड. ‘हा तर पंप आहे,’ आई म्हणाली. ‘एकदा पंप लागला की सुटत नाही. लोकं म्हणतील हिला दमा झाला. मला काय धाड भरलीय?’ आणि मग पंप फडताळात, साड्यांच्या मागे. पाहुणे असले की घ्यायचाच नाही.

पंपाची सवय लागत नाही, मंडळी. चष्मा रोज लावावा लागतो म्हणून त्याला आपण व्यसन म्हणत नाही. आणि ‘पंप कडक, गोळी सौम्य’ हे तर अगदी उलटं आहे. सालब्युटामॉल नावाचं नळ्या मोकळं करणारं जुनं औषध घ्या. गोळीत ते ४ मिलिग्रॅम असतं, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम. चाळीस पट फरक! गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरून मग छातीत पोचते, म्हणून हात थरथरतात, धडधडतं. पंपाचं औषध थेट जिथे पाहिजे तिथे जातं. हे गणित मी आईला कागदावर मांडून दाखवलं. ती सातवी शिकलीय, पण भिशीचा हिशेब तोंडी करते. तिला ते लगेच पटलं. माझ्या चष्म्याच्या उपमेपेक्षा जास्त पटलं.

घेण्याच्या पद्धतीबद्दल थोडं, कारण इथेच औषध वाया जातं. पावडरच्या यंत्रात कॅप्सूल टाकायची, फोडायची, तोंड बाजूला वळवून श्वास पूर्ण बाहेर सोडायचा. यंत्रात फुंकायचं नाही, पावडर ओली होऊन चिकटते. मग ओठ घट्ट मिटून जोरात आणि खोल ओढायचं. दाबायचा पंप असेल तर उलट, सावकाश ओढायचं, आणि शक्यतो स्पेसर म्हणजे ती प्लास्टिकची नळकांडी लावूनच. दोन्हीत शेवटी दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा, जमेल तितका. औषधात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरून गुळण्या करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. आणि रोजचं औषध वेगळं, दम लागल्यावर लगेच घ्यायचं वेगळं. रोजचं औषध ‘आज बरं वाटतंय’ म्हणून बंद करायचं नाही. आई तेच करत होती, आणि बाबा तिला ‘बरं केलंस, पैसे वाचले’ म्हणत होते. बाबांचं नंतर सांगते.

तुम्ही तरुण आहात, फोन हातात असतोच. आईला-आजोबांना पंप घेताना एकदा व्हिडिओ काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा. दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे त्या व्हिडिओत दिसलं की आई ओढण्याआधी श्वास सोडतच नव्हती. भरलेल्या घागरीत पाणी ओतत होतो आम्ही.

आता पाय.

निदान झाल्यावर आमचं घर एकदम प्रेमळ झालं. ‘आई, तू बस, मी करते.’ ‘तू नको उठू, बाबा पाणी आणतील.’ भाजी ॲपवरून, कणीक मळायला यंत्र, दादाने तर टीव्हीसमोर आरामखुर्ची आणून ठेवली. तिने जिना उतरायचा नाही हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं. मंगळवारचं भजन बंद, भिशीच्या बायका घरी येऊ लागल्या, मग त्याही कमी झाल्या. आम्हाला वाटत होतं आपण तिचा श्वास वाचवतोय. चार महिन्यांत ती हॉलमधून बाथरूमपर्यंत गेली तरी धापायला लागली. मी धरून बसले की आजार वाढला. स्पायरोमेट्री पुन्हा केली. ५३ टक्के. म्हणजे फुप्फुस जवळपास तिथेच होतं!

ती फिजिओ म्हणाली, ‘फुप्फुस नाही वाढलं खराब व्हायला, मांड्या वाळल्यात.’ आणि मग समजावलं. स्नायू वापरला नाही की बारीक होतो आणि कच्चा होतो. कच्च्या स्नायूला तेवढंच काम करायला जास्त त्रास पडतो, तो लवकर थकतो, आणि त्याची भरपाई फुप्फुसाकडे मागतो. फुप्फुस आधीच अडचणीत. म्हणून दम लागतो. दम लागला म्हणून माणूस बसतो. बसला म्हणून स्नायू अजून वाळतो. आमचं सगळं ‘तू बस’ त्या चक्राला तेल घालत होतं.

यावरच्या उपायाला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. नाव मोठं, काम साधं: तपासून, देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम, सोबत श्वासाचं तंत्र आणि खाण्यापिण्याचा सल्ला. दम, रोजच्या हालचाली आणि आजाराची धास्ती, तिन्हीत याने फरक पडतो हे अनेक चाचण्यांतून पक्कं झालेलं आहे. साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा. दुर्दैवाने आपल्याकडे मोठी शहरं सोडली तर याचे विभाग फार कमी आहेत आणि डॉक्टरही आवर्जून सांगतातच असं नाही. तेव्हा तुम्हीच विचारा. नसेल जवळपास, तर छातीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने एखाद्या फिजिओकडून कार्यक्रम आखून घ्या. स्वतःच यूट्यूब बघून सुरू करू नका, विशेषतः हृदयाचा त्रासही असेल तर.

पहिल्या दिवशी आईला दवाखान्याच्या लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालायला लावलं. किती मीटर होतात ते मोजतात. झाले २७०, मध्ये दोनदा थांबून. नियम एकच दिला: चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता आलं नाही पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग कमी आहे, बोलताच येत नसेल तर जास्त आहे. थांबलात तर चालेल, भिंतीला टेका, पण परत निघा. दम लागणं म्हणजे इजा होणं नाही, हे आईच्या डोक्यात शिरायला तीन आठवडे गेले. माझ्या डोक्यात शिरायला पाच.

श्वासाचं तंत्र आईला फार लवकर जमलं. नाकाने श्वास घ्यायचा, मनात दोन मोजायचे, आणि ओठांचा चंबू करून चार मोजत हळूहळू सोडायचा. बशीतला गरम चहा फुंकून पितो तसं. ओठांच्या अडथळ्यामुळे आत नळ्या जरा जास्त वेळ उघड्या राहतात आणि अडकलेली हवा निघते. जोर लावायच्या क्षणी श्वास सोडायचा: बादली उचलताना, पायरी चढताना. फार धाप लागली तर ओट्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकायचं, किंवा बसून कोपरं गुडघ्यांवर. आडवं व्हायचं नाही. अंघोळ प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. या बारीक बारीक गोष्टींनी तिचा दिवस बदलला, आणि यातल्या एकीलाही पैसे पडले नाहीत. स्टुलाला पडले, थोडे.

घरातल्या धुराचं पाहिलंत का? आमचे बाबा रोज रात्री मच्छर अगरबत्ती लावायचे, बंद खोलीत. २००३ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं की एक मच्छर कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात. हे वाचून दाखवल्यावर बाबा जे गप्प झाले, ते दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी घेऊन आले. पैसे वाचवणारे बाबा, बरं का. देवापुढची उदबत्ती आता गॅलरीत जाते. मिरच्यांची फोडणी खिडकी उघडून आणि आई बाहेर असताना. गावी काकूंकडे गॅस आहे, पण सिलेंडर पुरवायचा म्हणून पाणी तापवायला अजून चूलच, त्यामुळे तिथे गेलं की आई आता अंगणात बसते. यावरून दोनदा रुसवेफुगवे झाले. होऊ देत.

ऑक्सिमीटर कोविडपासून प्रत्येक घरात पडलाय. तो बोटाला लावून दिवसातून वीस वेळा बघत बसू नका. दम लागणं आणि ऑक्सिजन कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आईला ९५ असतानाही धाप लागायची. गार हात, नेलपॉलिश, मेंदी यांनी आकडा चुकतो. आणि घरी ऑक्सिजनचं मशीन स्वतःच्या मनाने भाड्याने आणू नका. बसल्या जागी ऑक्सिजन ८८ किंवा त्याखाली सतत राहत असेल तेव्हा डॉक्टर तो लावायचा विचार करतात, आणि मग तो दिवसाचे किमान १५ तास घ्यावा लागतो. या आजारात ऑक्सिजन जास्त दिला तर शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो, म्हणून गंभीर अवस्थेत तो साधारण ८८ ते ९२ च्या मध्ये ठेवतात. ‘जितका जास्त तितका चांगला’ हे इथे चालत नाही.

घाई कधी करायची? कफ वाढला, त्याचा रंग पिवळा-हिरवा झाला, नेहमीपेक्षा जास्त दम लागतोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. असे अटॅक पुन्हा पुन्हा आले की प्रत्येक वेळी फुप्फुस थोडं खाली उतरतं, म्हणून दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोकोकलची लस याबद्दल नक्की विचारा. आणि एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर झाली असतील, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलत असेल, पंप घेऊनही उतार नसेल, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन करायचा. आमच्या फ्रिजवर हे एका कागदावर लिहिलंय, पंपांच्या नावांसकट. रात्री दोन वाजता कुणालाच काही आठवत नाही.

आठ आठवड्यांनी आई सहा मिनिटांत ३२५ मीटर चालली, एकदाच थांबून. फुप्फुसाचा आकडा तोच. तिचा पंप आता टीव्हीशेजारी उघड्यावर असतो, आणि भिशीतल्या एका मावशींना तिने स्वतः घ्यायला शिकवलंय. त्या पण कॅप्सूल गिळत होत्या का, हे मी विचारलं नाही.

सगळे दिवस असे नसतात. परवा दिवाळीच्या फटाक्यांनंतर तीन दिवस ती घराबाहेर पडली नाही, रात्री बसून काढल्या, आणि तिसऱ्या रात्री मला म्हणाली, ‘किती दिवस हे?’ मी चंबू करून श्वास सोड म्हटलं नाही. पाठीवर हात ठेवून बसले नुसती.

काल भजनाहून येताना मी खाली भेटले. तिच्या हातात पावशेर वाटाण्याची पिशवी. मी सवयीने हात पुढे केला. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकली, ओठांचा चंबू केला, आणि मला हातानेच खूण केली, तू हो पुढं.

मी वर जाऊन दार उघडं ठेवलं. बऱ्याच वेळाने आली.

पुढच्या शुक्रवारी भेटू.